परदेशातून घरी फोन: गावाकडच्या टोकाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुलं एमबीबीएसला रशिया-किर्गिझस्तानला निघतात, एमएससाठी जर्मनी गाठतात. घरी स्वस्तात बोलायचं कसं, याचं उत्तर सगळे तिकडच्या सिम कार्डात शोधतात. पण गेल्या चाळीस वर्षांत हा कॉल किती महाग पडणार हे बरंचसं इकडच्या, आईवडिलांच्या टोकाला ठरत आलं आहे.

आपल्याकडे, सीमाभागात, १९८६ म्हटलं की कन्नडसक्तीविरोधी आंदोलन आणि हिंडलग्याचे हुतात्मे आठवतात. त्याच वर्षी याच बेळगाव जिल्ह्यात, कित्तूरला, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेनं बनवलेलं १२८ लाइनींचं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बसलं. एसीशिवाय, उन्हाधुळीत चालेल असं ते यंत्र होतं. पुढे त्याच धर्तीची एक्स्चेंज देशभरच्या खेड्यांत गेली आणि ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसणं संपत गेलं. या कित्तूरची आठवण आपणच फारशी ठेवली नाही, याची मला खंत वाटते.

तरी घरोघरी फोन कुठे होता? पोरगं परदेशातून फोन करायचं ते शेजाऱ्यांच्या फोनवर (त्यालाच पीपी नंबर म्हणत) किंवा नाक्यावरच्या एसटीडी बूथवर. कुणीतरी आईला बोलवायला धावायचं आणि तिकडे मीटर पळत राहायचं. म्हणून रीत पडली की आधी फोन करून ‘आईला बोलवा’ एवढंच सांगायचं, ठेवून द्यायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायचं. वार आणि वेळ ठरवून घेणं हीसुद्धा पैसे वाचवण्याचीच युक्ती होती.

एप्रिल २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉलवरची व्हीएसएनएलची (विदेश संचार निगमची) मक्तेदारी संपली आणि इंटरनेट टेलिफोनीलाही मर्यादित परवानगी मिळाली. मे २००३ पासून इकडे मोबाइलवरचे इनकमिंग कॉल फुकट झाले. माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक यानंच पडला, कारण आता आईच्या हातातच फोन आला. हा काळ कॉलिंग कार्डांचा. स्थानिक नंबर फिरवायचा, पिन टाकायचा, मग घरचा नंबर. कार्डावरचा दर छान दिसे. मात्र कनेक्शन फी, देखभाल शुल्क आणि मुदत यांत बरीच मिनिटं गळून जात. शिवाय परदेशातून येणाऱ्या कॉलवर भारतात प्रवेश-तूट शुल्क (एडीसी) बसे. ग्रामीण फोनसेवेचा तोटा भरून काढण्यासाठी आकारलेलं हे शुल्क २००८ साली गेलं. तोवर ते चुकवण्यासाठी चोरट्या मार्गांनी कॉल आत आणून देशातलेच म्हणून पुढे जोडले जात. फोन परदेशातून आलेला आणि स्क्रीनवर भारतातलाच नंबर, हे कोडं त्यातलंच.

सीमाभागाला आणखी एक भुर्दंड होता. निपाणीच्या पलीकडे कागल, बेळगावच्या पलीकडे चंदगड, म्हणजे दुसरं टेलिकॉम सर्कल, फोनसेवेचा वेगळा विभाग. हद्दीजवळच्या गावात फोननं महाराष्ट्राचा टॉवर पकडला की रोमिंग लागे आणि परदेशातून आलेला कॉल उचलायचे पैसे घरच्यांचे कापले जात. राज्याची हद्द घरच्या बोलण्यात अशीही आडवी यायची. २०१६-१७ मध्ये कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंग सोडलं तेव्हा ही कटकट मिटली.

त्याच सुमारास जिओमुळे डेटा स्वस्त झाला. व्हॉट्सअपवर २०१५ मध्ये व्हॉइस आणि २०१६ मध्ये व्हिडिओ कॉल आले होते, पण आईच्या फोनवर नेट आलं तेव्हाच ते खरे उपयोगी पडले. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, कणकुंबी-जांबोटीकडे, अजून कित्येक ठिकाणी रेंज मिळत नाही. तिथल्या घरांसाठी साधा कॉलच खरा.

आता अडथळा कायद्यांचा आहे. चीनमध्ये व्हॉट्सअप बंद आणि भारतानं जून २०२० मध्ये वीचॅट या चिनी अ‍ॅपवर बंदी घातलेली. त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याच्या हाती आहे ते अ‍ॅप घरी चालत नाही आणि घरचं तिथे. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियानं व्हॉट्सअप आणि टेलिग्रामवरच्या कॉलवर निर्बंध आणले. म्हणून निघण्याआधी त्या देशात काय चालतं ते विचारून घ्यावं, घरच्या फोनवर दोन वेगळी अ‍ॅप टाकून आईकडून प्रत्यक्ष कॉल लावून घ्यावा, आणि भारतातलं सिम किमान रिचार्ज मारून चालू ठेवावं. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.