ताकद वाढली, पण गाडी वळेना

फोर्झा होरायझन ५ या मेक्सिकोत घडणाऱ्या कार-रेसिंग व्हिडिओ गेममध्ये क्रेडिट (खेळातले पैसे) साठले की बहुतेकांचा हात आधी इंजिनाकडे जातो. ताकद वाढवणारा टर्बो बसतो, कॅमशाफ्ट बदलतो, सरळ रस्त्यावर गाडी सुसाट सुटते आणि पहिल्याच वळणावर रस्ता सोडते. कारण वळणातला कमाल वेग टायरची पकड ठरवते. ५० मीटर त्रिज्येचं सपाट वळण घ्या. पकड १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतकी असेल, तर ते जास्तीत जास्त ताशी ८० किलोमीटरने निघतं. इंजिन १५० अश्वशक्तीचं असो की ६०० चं. पकड १० टक्के वाढवली की तोच आकडा ८४ च्या आसपास जातो. ब्रेकचं गणित आणखी कडक आहे. १ जी पकडीवर ताशी १६० वरून थांबायला सुमारे १०० मीटर लागतात, २०० वरून १५७.

इंजिन हाताळणी बिघडवतं ते दोन वाटांनी. पहिली वजनाची. १००० किलोची, मागच्या चाकांना ताकद देणारी छोटी रोडस्टर (उघड्या टपाची दोन सीटची गाडी) धरू. वजन पुढे-मागे निम्मं निम्मं. इंजिन स्वॅपमध्ये, म्हणजे मूळ इंजिन बदलून, ८० किलोनं जड व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवलं आणि ते वाढीव वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर आलं, तर पुढचा वाटा ५३.७ टक्के होतो. भार वाढला की टायरची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही, थोडी कमीच. म्हणून पुढचे टायर आधी हार मानतात आणि गाडी हवी तितकी वळत नाही: अंडरस्टीअर. दुसरी वाट टॉर्कची, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोराची. टायरची पकड जितकी पुढे ढकलण्यात खर्च होते, तितकी वळण्यासाठी कमी उरते. मोठ्या टर्बोचा जोर उशिरा आणि एकदम येतो, नेमका वळणातून बाहेर पडताना, आणि मागची चाकं सुटतात. घाटासारख्या रस्त्यांसाठी पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट सुपरचार्जर (इंजिनच्याच फिरण्यावर चालणारा हवेचा पंप) बरा. तो जड असतो, पण खालच्या आरपीएमपासून सलग खेचतो.

म्हणून पीआयचे गुण (गाडीच्या एकूण क्षमतेचा खेळातला आकडा, जो सुधारणांनी वाढतो) आधी टायर कंपाउंडवर, म्हणजे टायरच्या रबराच्या प्रकारावर, मग वजन कमी करण्यावर खर्च करावेत. पीआयनुसार गाड्यांचे क्लास पडतात; बी क्लासची मर्यादा ७०० आहे. ६८० वर पोचलेल्या गाडीत स्पोर्ट टायर मावत नसतील तर टर्बो काढून टाका. त्यानंतर रेस दर्जाचे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) घ्यावेत, कारण ते हवे तसे जुळवता येतात.

सगळ्यात जास्त गैरसमज अँटी-रोल बारबद्दल आहेत. आपली रोडस्टर आता १०८० किलोची झाली. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि चाकांमधली रुंदी १.४ मीटर धरली, तर १ जी वळणात आतल्या बाजूचा सुमारे ३८५ किलो भार बाहेरच्या बाजूला जातो. बाहेर ९२५, आत जेमतेम १५५. बार कितीही कडक करा, ही एकूण बेरीज बदलत नाही. बदलतो तो पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा त्यातला वाटा. पुढचा-मागचा ज्या अ‍ॅक्सलचा बार कडक, तिथे बाहेरच्या टायरवर जास्त भार पडतो आणि त्या अ‍ॅक्सलची एकूण पकड घटते. खेळात बारची पट्टी १ ते ६५ अशी आहे. सुरुवातीला ६४ ला वजनाच्या वाट्याने गुणून १ मिळवा: पुढे ३५.४, मागे ३०.६. गाडी नाक बाहेर काढत असेल तर पुढचा बार दोन-तीन अंकांनी सैल करा. शेपूट सुटत असेल तर मागचा सैल करा. अनेकजण इथे उलटं करतात, घसरणाऱ्या अ‍ॅक्सलचा बार आणखी कडक करतात.

गाडीची जमिनीपासूनची उंची अगदी तळाला नेऊ नका. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं, पण सस्पेन्शनची हालचाल संपली की उंचवट्यावर टायर जमीन सोडतो. मेक्सिकोच्या कच्च्या रस्त्यांवर हे हमखास होतं. डॅम्परमध्ये (स्प्रिंगचे हेलकावे रोखणारा भाग) बम्प, म्हणजे स्प्रिंग दबतानाचा विरोध, हा रिबाउंडच्या, म्हणजे ती परत सुटतानाच्या विरोधाच्या, ५० ते ७० टक्के ठेवावा. गॅस देताच मागची दोन्ही चाकं एकदम सुटत असतील तर डिफरन्शियलचा अ‍ॅक्सेलरेशन लॉक (गॅस देताना दोन्ही चाकांना एकाच वेगानं फिरायला किती भाग पाडायचं ते) पाच-पाच टक्क्यांनी उतरवत जा.

एका वेळी एकच आकडा बदला, रस्ता तोच ठेवा आणि टेलिमेट्रीत (खेळ दाखवतो ते गाडीचे चालू आकडे) टायरचं तापमान पाहा. टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच गरम दिसली, तर निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या टोकाचा आत झुकाव, जास्त झालाय. अर्ध्या अंशानं कमी करून पुन्हा तीच फेरी मारा.