स्लाइड स्कॅनिंगसाठी पाठवण्यापूर्वी : पॅथॉलॉजी लॅबसाठी माहितीपत्रक

बायोप्सीची काच कुरिअरने न पाठवता दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाचे मत मिळावे, यासाठी आमची स्कॅनिंग सेवा आहे. मात्र स्कॅन मूळ काचेपेक्षा चांगला कधीच होत नाही, त्यामुळे सुधारणेला सर्वाधिक वाव आजही मायक्रोटोम (टिश्यूचे पातळ काप करणारे यंत्र) आणि स्टेनिंगच्या (काप रंगवण्याच्या) टेबलावरच आहे, असे आमचे ठाम मत आहे.

सेक्शन (टिश्यूचा काप) 3 ते 4 मायक्रॉन जाडीचा आणि घडी न पडलेला असावा. मायक्रोस्कोपवर डॉक्टर फाइन नॉब फिरवून घडीजवळच्या पेशी पाहू शकतात. स्कॅनर मात्र सहसा एकाच पातळीचे चित्र घेतो, आणि तिथे धूसर आलेल्या पेशी नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने खात्रीलायकपणे स्पष्ट करता येत नाहीत. मार्करचे ठिपके पुसून पाठवावेत, कारण यंत्र टिश्यूऐवजी शाईवर फोकस धरू शकते. डीपीएक्स (टिश्यूवर कव्हरस्लिप चिकटवणारे द्रव्य) पूर्ण वाळलेले असावे.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती फिकट टिश्यूची. स्तनाच्या बायोप्सीतील चरबीचा भाग यंत्राला कधी कधी रिकामी काच वाटतो आणि तो स्कॅनमधून चक्क गळतो. अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाला पडद्यावर त्याचा मागमूसही दिसत नाही. म्हणून आमचे तंत्रज्ञ प्रत्येक स्कॅनचे पूर्णचित्र मूळ काचेशी स्वतः ताडून पाहतात.

फाइलचा आकार ही दुसरी अडचण आहे. 15 मिमी लांबी-रुंदीचा टिश्यू प्रति पिक्सेल 0.25 मायक्रॉनने स्कॅन केला, तर सुमारे 360 कोटी पिक्सेलचे चित्र तयार होते. शिवाय अनेक स्कॅनर कंपन्यांचे फाइल फॉरमॅट वेगवेगळे आहेत. डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या समान मानकामध्ये स्लाइडसाठीची तरतूद 2010 पासून आहे, तरी ती अजून सर्वत्र रुळलेली नाही. ती रुळायलाच हवी, कारण यंत्र बदलले तरी रुग्णाची जुनी स्लाइड उघडली पाहिजे.

एफएनएसी (बारीक सुईने काढलेल्या पेशींची तपासणी) आणि पॅप स्मिअरसाठी (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आम्ही सध्या ही सेवा सुचवत नाही. त्यातील पेशींचे पुंजके अनेक पातळ्यांवर असतात आणि प्रत्येक पातळी स्कॅन केल्यास वेळ व फाइल दोन्ही कित्येक पटींनी वाढतात.

पडद्यावर प्राथमिक निदान सुरू करण्यापूर्वी प्रत्येक लॅबने स्वतःची पडताळणी करावी. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यासाठी किमान 60 केसेस घ्याव्यात आणि त्याच पॅथॉलॉजिस्टने काच व पडदा किमान दोन आठवड्यांच्या अंतराने पाहावा.

लेबलचे छायाचित्रही फाइलमध्ये साठते, म्हणून काचेवर रुग्णाचे नाव न लिहिता फक्त लॅब क्रमांक लिहावा. स्कॅननंतर परत आलेली काच आणि ब्लॉक (मेणात बसवलेला मूळ टिश्यू) नेहमीप्रमाणे जपून ठेवावेत.