शून्य सावली आणि पोर्तुगीजांचं कोष्टक

मे महिना आला की 'शून्य सावली दिवसा'च्या बातम्या येतात. पुण्यात १३ मे, मुंबईत १५ मेच्या आसपास. त्या घटकेला 'विशेष ऊर्जा' उतरते, असे संदेशही फिरतात. ऊर्जा वगैरे काही उतरत नाही. सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश सरकला आहे ते, आणि आपला अक्षांश त्या दिवशी सारखे होतात, म्हणून भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पण याच गणिताने पोर्तुगालच्या खलाशांना वाट दाखवली, आणि ते मला कुठल्याही चमत्काराहून मोठं वाटतं.

ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून अक्षांश कळतो. १४७०च्या दशकात पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याने विषुववृत्तापलीकडे गेली आणि ध्रुवतारा क्षितिजाखाली बुडाला. उरला सूर्य, पण त्याची जागा रोज सरकते. म्हणून राजा दुसरा जुआंव याने १४८५मध्ये आपला ज्योतिर्विद जुझे व्हिझिन्यु याला गिनीच्या किनाऱ्यावर सूर्य मोजायला पाठवलं. रोजच्या सूर्याचं गणित अब्राहम झाकुतो या ज्यू ज्योतिर्विदाच्या कोष्टकांत होतं. व्हिझिन्युने ती लॅटिनमध्ये आणली आणि १४९६मध्ये लैरिया गावी छापली गेली. त्याच वर्षाअखेर जुआंवनंतर गादीवर आलेल्या राजा मॅन्युएलने ज्यूंना देश सोडायचा हुकूम काढला. झाकुतोही ट्युनिसला गेला. राज्याने आपला केवढा माणूस घालवला!

आता गणित, जरा सावकाश वाचा. खलाशांचं कोन मोजायचं साधन म्हणजे ॲस्ट्रोलेब, अंश कोरलेली चकती. भर दुपारी कडीत अंगठा घालून ती टांगायची. तिच्यावरच्या फिरत्या पट्टीला दोन बारीक भोकं असतात. वरच्या भोकातून आलेला उन्हाचा ठिपका खालच्या भोकावर पडला की सूर्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची त्याची उंची अंशांत, वाचायचे. ते ९०मधून वजा केले की नतांश, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनचं सूर्याचं अंतर, मिळतात. सूर्य ज्या अक्षांशावर आज डोक्यावर आहे, म्हणजे जिथे आज शून्य सावली आहे, तिथून आपण उत्तर-दक्षिण किती अंश दूर आहोत, ते हे नतांश सांगतात. तो अक्षांश, म्हणजेच सूर्याची आजची क्रांती, कोष्टकात बघायचा.

२७ एप्रिल १५०० रोजी (आजच्या कॅलेंडरने ७ मे) पोर्तुगीज कप्तान काब्रालच्या ताफ्यातला वैद्य मास्टर जुआंव ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरला. दुपारी सूर्य ५६ अंशांवर, म्हणजे नतांश ३४. सूर्याची क्रांती सुमारे १७ अंश उत्तर. सूर्य उत्तरेकडे, म्हणून ३४ वजा १७: विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ अंश. ती जागा खरोखर सव्वासोळाच्या जवळ आहे. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले तर चूक ऐंशीएक किलोमीटरची.

पण त्यासाठी किनाऱ्यावर उतरावं लागलं. जहाज जरा डुललं तरी चार-पाच अंश चुकतात, असं त्यानेच राजाला लिहिलं. त्याच पत्रात त्याने दक्षिणेच्या ताऱ्यांचं चित्र काढून पाठवलं, त्यात आपला त्रिशंकू हा तारकासमूह आहे. मेच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर उभं राहून दक्षिणेला बघा, क्षितिजालगत तो दिसेल.