आंबट द्राक्षं कुणी खाल्ली?

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत प्रार्थनासभेनंतर चहा घेताना हल्ली एक शब्द वारंवार कानावर येतो: 'पिढीजात शाप'. मुलगा तापट, बाप तापट, आजोबांनी तर सख्ख्या भावाशी मरेपर्यंत अबोला धरलेला. मग कुणीतरी सुचवतं, वंशावळ लिहून आणा, प्रार्थनेने शाप तोडू. आमच्या आत्याने लिहिली. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली इंदुरात बस्तान बसवलं, त्याच मिशनच्या शाळेत शिकवायला आमचे पणजोबा नगरकडून आले होते. त्यांच्यापासून सगळी नावं तिने वहीच्या मधल्या जोडपानावर मांडली आणि तापटांपुढे लाल पेनाने फुल्या मारल्या. वही माझ्याकडे सरकवली तेव्हा माझ्या नावापुढची फुली अजून ओली होती.

या समजुतीचं मूळ दहा आज्ञांतच सापडतं. बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात देव वडिलांच्या अन्यायाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांना करतो, असं वाक्य आहे. शाप तोडणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. पुढच्याच वचनात दया हजारोंवर, म्हणजे हिशेब आधीच एकतर्फी आहे. 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर कायदाच घातला आहे की बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारायचं नाही.

खरा वाद पेटला तो इसवी सनपूर्व सहाव्या शतकात. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेले यहूदी तेव्हा एक म्हण वापरत: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात ती म्हणच बंद पाडली. जो पाप करील तो भोगील. बापाचं मुलावर नाही, मुलाचं बापावर नाही. मला वाटतं, त्या लोकांना ही म्हण सोयीची पडत असावी. दोष पणजोबांवर ढकलला की स्वतःला काही बदलावं लागत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं.

म्हणून घराण्यातून काहीच उतरत नाही, असंही नाही. उत्पत्तीचं पुस्तक या बाबतीत फार निर्दय आहे. अब्राहामाने जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितलं. त्याच्या मुलाने, इसहाकाने, गरार गावात तेच केलं. इसहाकाचा मुलगा याकोब, त्याने हातांवर आणि मानेवर करडांची कातडी बांधून आंधळ्या बापाला फसवलं. पुढे त्याच्याच मुलांनी आपल्या भावाचा, योसेफाचा, झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकला. प्राणी तोच, फसवणूकही तीच. या घरात शाप कुणी दिलेला नव्हता. मुलं आईबापांना बघून शिकत होती. ही साखळी तोडली भावांनीच विकलेल्या योसेफाने. सूड घ्यायची पूर्ण सोय हातात असताना तो भावांना म्हणाला, मी काय देवाच्या ठिकाणी आहे?

सुडाचा हिशेबही याच पुस्तकात सुरू होतो. सख्ख्या भावाचा खून केलेल्या काइनाला मारणाऱ्याचा सूड सातपट, असं देव म्हणतो तेव्हा त्यात काइनाचं रक्षण आहे. त्याच्याच वंशातला लामेख मात्र आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो: माझा सूड सत्त्याहत्तरपट. 'डोळ्याबद्दल डोळा' हा नियम या चढत्या आकड्याला घातलेला लगाम होता, एका डोळ्यापुढे जायचं नाही. ज्याच्या हातून चुकून खून झाला त्याला रक्ताचा सूड घेणाऱ्यापासून पळून जायला सहा शरणपुरं नेमली होती. आणि मग पेत्र या शिष्याने येशूला विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर मिळालं, सातांच्या सत्तर वेळा. लामेखाची बढाई ठाऊक असलेल्याला हा आकडा कुठून आला हे लगेच कळतं.

रागाबद्दल मात्र ख्रिस्ती परंपरा नुसतं 'रागावू नका' म्हणून मोकळी होत नाही. प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो, रागावा, पण पाप करू नका, सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रियसने आठ कुविचारांत राग धरला. प्रार्थना सगळ्यात जास्त तोच नासवतो, हे त्याचं निरीक्षण.

वंशावळ लिहून आणायची पद्धत बायबलमधली नाही, ती अगदी अलीकडची. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी नात्यांमधला ताण पिढ्यान्‌पिढ्या कसा सरकतो हे मांडलं. ब्रिटिश डॉक्टर केनेथ मॅकॉल यांनी १९८० च्या दशकात वंशवृक्षाच्या आरोग्यप्रार्थनेला हवा दिली. २००७ मध्ये फ्रान्सच्या कॅथलिक बिशपांनी या प्रथेवर लेखी आक्षेप घेतला.

इंदुरात हा विषय निघाला की आज ना उद्या राणी मारियांचं नाव येतंच. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची ही केरळी सिस्टर उदयनगरच्या आदिवासींना सावकारांच्या विळख्यातून सोडवत होती. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, तिच्यावर पन्नासच्या वर वार झाले. मारणारा तरुण तुरुंगात गेला आणि तिथेही धुमसत राहिला. ज्यांनी आपल्याला पुढे केलं त्यांनाच सुटल्यावर संपवायचं, असं मनात होतं, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. ऑगस्ट २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्यात आलं. आमचं घर प्रॉटेस्टंट, संतपदाच्या या पायऱ्या आम्हाला नीट समजत नाहीत. राखी मात्र आत्याला लगेच समजली.

सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरी गेला होता. आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं, कारण त्या हातांना तिच्या मुलीचं रक्त लागलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा आत्या बराच वेळ वहीचं मधलं पान उघडं ठेवून बसली होती. नंतर तिने विचारलं, आजोबांच्या त्या भावाची नातवंडं हल्ली कुठे राहतात?