टेप बिघडली की ड्राइव्ह? बॅकअप लायब्ररीतला दोष शोधताना

फेब्रुवारी 2011 च्या अखेरीस जीमेल वापरणाऱ्यांपैकी सुमारे 0.02 टक्के लोकांच्या खात्यांतली पत्रं नाहीशी झाली. गूगलकडे त्या पत्रांच्या प्रती एकाहून अधिक डेटा सेंटरांत होत्या, पण दोष साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्येच असल्याने त्याने त्या प्रतींनाही गाठलं. शेवटी पत्रं परत आणली ती टेपवरून. कपाटात पडून असलेल्या टेपपर्यंत सर्व्हरवरचा दोष पोहोचत नाही, म्हणून हे जुनं वाटणारं तंत्र अजून टिकून आहे.

अशा टेप सांभाळणाऱ्या यंत्राला लायब्ररी म्हणतात. मध्यम आकाराच्या संस्थेत साधारण 48 स्लॉट (टेप ठेवायच्या जागा) आणि टेप वाचणारे-लिहिणारे 4 ड्राइव्ह असलेली लायब्ररी दिसते. एलटीओ हा बॅकअपच्या टेपचा प्रचलित प्रकार, त्याच्या आठव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-8 च्या एका टेपवर 12 टीबी मावतात. ही पट्टी 960 मीटर लांब, 12.65 मिलिमीटर रुंद आणि जेमतेम 5.6 मायक्रॉन जाड. तिच्यावर 6,656 मार्गिका असतात आणि ड्राइव्हमधलं लिहिणारं-वाचणारं हेड एका वेळी 32 लिहितं, म्हणजे टेप काठोकाठ भरायला ती 208 वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत जावी लागते. हिशेब केला तर हेडसमोरून जवळजवळ 200 किलोमीटर पट्टी सरकते, पुणे-नाशिक रस्त्याइतकी! एवढ्या प्रवासात काहीतरी बिनसणारच. पण ‘ड्राइव्ह गेला’ अशी तक्रार आली की बऱ्याचदा ड्राइव्ह ठणठणीत असतो.

हे समजायला लायब्ररीची एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्लॉटमधून टेप उचलून ड्राइव्हमध्ये घालणारा रोबो वेगळा आणि टेपवर लिहिणारे ड्राइव्ह वेगळे. बॅकअप सॉफ्टवेअर आधी रोबोला सांगतं, ‘17 नंबरच्या स्लॉटमधली टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाल.’ मग ते दुसऱ्याच वाटेने, ऑपरेटिंग सिस्टीमने दिलेल्या नावाने, तो ड्राइव्ह उघडतं. रोबोचा ‘दुसरा’ आणि सर्व्हरचा ‘दुसरा’ एकच असेल याची हमी कोणीच देत नाही. लायब्ररी ड्राइव्ह मोजते ते ज्या खणात बसवलेत त्या क्रमाने. लिनक्स त्यांना एनएसटी-0, एनएसटी-1 अशी नावं देतं ती सापडतील त्या क्रमाने. सर्व्हर रीबूट झाला, कोणी केबल दुसऱ्या पोर्टला लावली किंवा एखादा ड्राइव्ह उशिरा जागा झाला, की क्रम बदलतो.

याचं लक्षण ठरलेलं आहे. लॉगमध्ये टेप चढवल्याची नोंद असते, लायब्ररीच्या पॅनेलवरही टेप दिसते, आणि पुढच्याच ओळीत ‘ड्राइव्हमध्ये टेप नाही’ किंवा टाइमआउट. एकाच ड्राइव्हच्या लायब्ररीत हा घोळ होऊच शकत नाही, म्हणून दुसरा ड्राइव्ह बसवल्यावर तो पहिल्यांदा दिसतो. खात्री करायला दहा मिनिटं पुरतात. बॅकअप सेवा थांबवा, सगळे ड्राइव्ह रिकामे करा, रोबो हलवणाऱ्या एमटीएक्स आज्ञेने कामाची नसलेली एक टेप पहिल्या ड्राइव्हमध्ये घाला आणि ड्राइव्हशी बोलणाऱ्या एमटी आज्ञेने चारही नावांची स्थिती विचारा. ज्या नावाखाली ड्राइव्ह ‘ऑनलाइन’ दिसेल तो पहिला. टेप काढून दुसऱ्यात घाला, असं चारदा करा. पक्का इलाज म्हणजे क्रमांकावर चालणारी नावं सोडून अनुक्रमांकावर, म्हणजे सीरियल नंबरवर आधारलेली नावं वापरणं. लिनक्समध्ये ती डेव्ह फोल्डरमधल्या टेप फोल्डरात ‘बाय-आयडी’ खाली मिळतात. मात्र ड्राइव्ह बदलला की सीरियल नंबरही बदलतो. काही लायब्ररी नव्या ड्राइव्हला त्या खणाचाच जुना ओळखक्रमांक देतात, काही देत नाहीत. ड्राइव्ह बदलल्यानंतरच्या पहिल्या रात्री बॅकअप पडला, तर आधी हे तपासा.

याच नावांतला आणखी एक सापळा अक्षराच्या फरकाचा. एनएसटी-0 च्या जागी नुसतं एसटी-0 लिहिलं, तर काम संपून ड्राइव्ह बंद होताना टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. पुढचा बॅकअप मग मागच्याच्या उरावर लिहिला जातो. चूक कुठेच दिसत नाही. दिसते ती रिस्टोअर करायला, म्हणजे डेटा टेपवरून परत आणायला बसल्यावर.

ओळख पटली तरी चुका येत असतील, तर विचारायचा प्रश्न एकच: दोष टेपच्या मागे जातो की ड्राइव्हच्या? अनेक ड्राइव्ह असल्याचा हा मोठा फायदा आहे, तुलना करायला दुसरा ड्राइव्ह हाताशी असतो. गेल्या दोन-तीन आठवड्यांचे लॉग घ्या आणि कागदावर तक्ता आखा. वरच्या ओळीत ड्राइव्हची नावं, डाव्या कडेला खालीखाली टेपचे बारकोड, चूक झाली तिथे फुली. फुल्या एका आडव्या ओळीत पसरल्या तर टेप दोषी, एका उभ्या रकान्यात साचल्या तर ड्राइव्ह. दोन ड्राइव्हचे रकाने एकाच वेळी भरत असतील तर दोघांत सामाईक काय आहे ते पाहा: तेच होस्ट कार्ड (सर्व्हरमधलं केबल जोडायचं कार्ड), तीच चार फाट्यांची केबल, तोच फायबर चॅनेल स्विच. केबलचा संशय असेल तर ड्राइव्ह न हलवता दोन ड्राइव्हच्या केबली आपसांत बदला. दोष केबलीबरोबर दुसऱ्या ड्राइव्हकडे गेला की निकाल लागला. आणि अचानक रोबोच दिसेनासा झाला तर रोबोवर चिडण्याआधी पहिला ड्राइव्ह चालू आहे का ते पाहा. पुष्कळ लायब्ररींत रोबोच्या आज्ञा एका ठरावीक ड्राइव्हच्या केबलीतूनच जातात. तो ड्राइव्ह बंद झाला की रोबो धडधाकट असूनही गायब होतो.

तक्ता भरायला जुने लॉगच वापरा. संशयित ड्राइव्हमध्ये एकामागून एक चांगल्या टेप घालून पाहायचा मोह टाळावा, कारण हेडवर किंवा पट्टीच्या वाटेवर इजा असलेला ड्राइव्ह प्रत्येक टेपची कड खराब करतो. याच्या उलटही घडतं. कड दुमडलेली एक टेप पहिल्या ड्राइव्हमध्ये अडली, की बॅकअप सॉफ्टवेअर ती मोठ्या तत्परतेने दुसऱ्यात घालतं, मग तिसऱ्यात. सकाळी चारही ड्राइव्ह तक्रार करत असतात. अशी टेप दिसताच ती बाहेर काढा आणि तिचं लिहिण्याविरुद्धचं कुलूप सरकवा. मग कार्ट्रिजचं, म्हणजे पट्टीभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाचं, छोटं दार उघडून आतली पिन जागेवर आहे का बघा. एलटीओमध्ये पट्टीचं टोक या धातूच्या पिनला जोडलेलं असतं आणि ड्राइव्ह तिलाच पकडून पट्टी आत ओढतो. टेप हातातून पडली की पिन निसटू शकते. पडलेली टेप वरून कितीही चांगली दिसो, तिच्यावर नवा बॅकअप घेऊ नये. तिच्यातला डेटा दुसरीकडे उतरवून तिला निवृत्त करावं.

ड्राइव्ह स्वतःही बोलतो, फक्त ऐकणारा हवा. टेपअलर्ट नावाच्या व्यवस्थेत 64 इशारे ठरलेले आहेत. 4 म्हणजे टेपमध्ये दोष, 6 म्हणजे लिहिणं फसलं, 7 म्हणजे टेपचं आयुष्य संपलं, 20 म्हणजे आत्ता सफाई हवी, 22 म्हणजे सफाईची टेप संपली, 30 म्हणजे ड्राइव्हच्या यंत्रणेत बिघाड. यातला 22 सगळ्यांत दुर्लक्षित. सफाईची टेप साधारण 50 वेळा चालते, त्यानंतर ती आत जाऊन काहीही न करता बाहेर येते. रोबो ती इमानेइतबारे घालत राहतो, ड्राइव्ह 20 चा इशारा देत राहतो, आणि एका सफाईच्या टेपपायी ड्राइव्ह बदलायचं ठरतं. सफाई ड्राइव्हने मागितल्यावरच करावी. उगाच रोज केली तर हेड झिजतं. स्वयंचलित सफाई लायब्ररीत तरी चालू ठेवा किंवा बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये तरी, दोन्हीकडे नको. नव्या टेपने सफाई होऊनही दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच इशारा आला, तर मात्र ड्राइव्हवर खरा संशय घ्यायला हरकत नाही.

‘ड्राइव्ह मंदावला’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा ड्राइव्हच्या बाहेर असतं. एलटीओ-8 चा अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला 300 एमबी लिहितो. या वेगाने 12 टीबीची टेप सुमारे 11 तासांत भरते. डेटा कमी येऊ लागला की ड्राइव्ह वेग उतरवतो, पण साधारण 100 एमबीच्या खाली त्याला उतरता येत नाही. मग तो थांबतो, पट्टी मागे नेतो, डेटा जमू देतो, पुन्हा वेग घेऊन तिथेच लिहायला लागतो. बूट पुसताना फडकं मागे-पुढे करावं तसं हे चालतं. वेग आणखी पडतो आणि पट्टी व हेड दोन्ही झिजतात. एक गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला जेमतेम 110 एमबी येतात, त्यात एका ड्राइव्हचंही पोट भरत नाही. चौघांना पूर्ण वेगाने 1,200 एमबी लागतात. तेवढे दहा गिगाबिटमधूनही मिळणं कठीण. म्हणून चार ड्राइव्ह उपाशी चालवण्यापेक्षा दोनच भरपेट चालवावेत, किंवा डेटा आधी सर्व्हरच्या एसएसडीवर जमवून मग टेपवर सोडावा. लाखो छोट्या फाइली असतील तर दुसरा उपाय जवळजवळ अपरिहार्य आहे. वेग मोजण्यासाठी नुसत्या शून्यांची फाइल लिहू नका. ड्राइव्ह ती आत दाबून टाकतो आणि खोटा, भलताच मोठा आकडा दाखवतो. न दबणारा यादृच्छिक डेटा आधी एसएसडीवर तयार करून तो लिहावा.

रोबोच्या चुका त्या मानाने सरळ असतात. लॉगमधला 3बी/0डी हा संकेत सांगतो की टेप ठेवायची जागा आधीच भरलेली आहे. 3बी/0ई सांगतो की जिथून उचलायची तिथे टेपच नाही. दोन्हींचा अर्थ साधारण एकच, कोणीतरी मॅगझिन (स्लॉटांचा सरकता ट्रे) बाहेर काढून टेप हाताने हलवल्या आणि सॉफ्टवेअरला सांगितलं नाही. नव्याने यादी करायला लावली की भागतं. बारकोडचं लेबल त्याच्या खाचेतच बसवावं. जुन्यावर नवं चिकटवलं तर कड उचलली जाते आणि टेप ड्राइव्हमध्ये अडकते. लेबलावरची शेवटची दोन अक्षरं टेपची पिढी सांगतात, तीही खरी हवीत. एलटीओ-8 ड्राइव्ह एलटीओ-7 वाचतो, एलटीओ-6 नाही. आधीच्या पिढ्या दोन पिढ्या मागचं वाचत असल्याने इथे अनेकजण फसतात.

एलटीओ-9 घेतलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मापं घेतो. याला सरासरी 40 मिनिटं आणि कधी दोन तासही लागतात. तोवर तो ‘तयार नाही’ असंच सांगतो, सॉफ्टवेअरचा टाइमआउट संपतो आणि कोणीतरी वीज बंद करतं. करू नये. नव्या टेपची ही तयारी सुट्टीच्या दिवशी आधीच उरकून ठेवलेली बरी.

बंद करून पुन्हा चालू करणं हा तसा सगळ्यात शेवटचा उपाय. आधी लायब्ररीच्या वेबपानावरून लायब्ररीचे आणि प्रत्येक ड्राइव्हचे लॉग उतरवून घ्या. दुरुस्तीला येणारा तेच मागतो आणि रीसेटनंतर त्यातलं बरंच हाती लागत नाही. टेप चालू असताना वीज गेली, तर कार्ट्रिजमधल्या चिपवरची मांडणीची नोंद अर्धवट राहू शकते. पुढच्या खेपेला टेप वाचली जाते, पण हवी ती जागा शोधायला फार वेळ घेते. तिला डेटाच्या शेवटापर्यंत एकदा नेऊन आणलं की ड्राइव्ह ती नोंद पुन्हा लिहितो. चालू करताना आधी लायब्ररी, ती ‘तयार’ म्हणाली की मगच सर्व्हर.

राहिली हवा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर या काळात बाहेरच्या कपाटातून गाडीने आलेली टेप थेट गार सर्व्हर-खोलीतल्या ड्राइव्हमध्ये घातली, तर भरवशाचा ड्राइव्हही चुका दाखवतो. टेपचे उत्पादक दीर्घ साठवणीसाठी 16 ते 25 अंश सेल्सिअस आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता सुचवतात. पावसाळ्यातली बाहेरची हवा याच्या कितीतरी वर असते. अशी टेप डबीसकट त्याच खोलीत 24 तास ठेवावी आणि मगच लायब्ररीत घालावी. तातडीचा रिस्टोअर असेल तर हे 24 तास फार जड जातात, म्हणून त्या चार महिन्यांत ताज्या पूर्ण बॅकअपची एक प्रत लायब्ररीतच राहू द्यावी.