अमेरिकेत विमा नसताना उपचार घेताय? खर्चाचा अंदाज लेखीच घ्या

अमेरिकेत विमा नसलेल्या रुग्णाला उपचाराआधी खर्चाचा लेखी अंदाज मिळणं हा १ जानेवारी २०२२ पासून कायदेशीर हक्क आहे. 'नो सर्प्राइझेस अ‍ॅक्ट'मुळे तो मिळाला आणि त्या कागदाला 'गुड फेथ एस्टिमेट' म्हणतात. तरीही बिल फुगल्यावर दाद मागायला निघालेली माणसं पहिल्याच पायरीवर अडतात, कारण तो कागद त्यांच्याकडे नसतो. असतो तो फक्त फोनवर कुणीतरी सांगितलेला आणि वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवलेला आकडा. त्यावर अर्ज चालत नाही.

वास्तविक नियम रुग्णाच्या बाजूने आहे. "साधारण किती खर्च येईल?" एवढं विचारलं, तरी ती अंदाजाची मागणीच धरली जाते. तोंडी आकडा सांगितला तरी लेखी द्यावाच लागतो, छापील किंवा ईमेलने, तुम्हाला हवा तसा. तेव्हा संकोच करू नका. "मी स्वतः पैसे भरणार आहे, मला गुड फेथ एस्टिमेट लेखी पाठवा," हे वाक्य अपॉइंटमेंट घेतानाच म्हणा.

हा हक्क विमा नसलेल्यांना आहे, तसाच विमा असूनही या उपचारासाठी तो वापरायचा नाही असं ठरवणाऱ्यांनाही आहे. अल्पमुदतीची शॉर्ट-टर्म पॉलिसी असणारेही यात विमा नसलेलेच समजले जातात. नागरिकत्वाची अट नाही. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांत असणाऱ्यांसाठी मात्र हा मार्ग नाही.

उपचार किमान १० कामकाजाच्या दिवसांनंतरचा असेल, तर वेळ ठरल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत अंदाज मिळायला हवा. ३ ते ९ दिवसांवर असेल तर १ दिवसात. नुसतं विचारलं असेल, तर ३ दिवसांत. त्याहून घाईने ठरलेल्या भेटीसाठी आणि इमर्जन्सीसाठी ही सक्ती नाही.

अंदाज हातात आला की पहिलं काम म्हणजे त्यात कोणाकोणाची नावं आहेत ते पाहणं. एका शस्त्रक्रियेत सर्जन, हॉस्पिटल, भूल देणारे डॉक्टर, पॅथॉलॉजी अशी वेगवेगळी बिलं येतात. सगळ्यांचे आकडे एकाच कागदावर द्यावेत अशी मूळ तरतूद आहे, पण सरकारने तिची अंमलबजावणी लांबणीवर टाकली आहे. भुर्दंड पडतो रुग्णाला. म्हणून प्रत्येकाकडून वेगळा अंदाज मागा. ज्याचं नाव कागदावर नाही, त्याच्या बिलाविरुद्ध त्या कागदाच्या आधारे दाद मागता येत नाही. सुधारित अंदाज उपचाराच्या एक कामकाजाचा दिवस आधीपर्यंत येऊ शकतो आणि मग तुलना त्याच्याशी होते. तेव्हा आदल्या दिवशीचा ईमेलही न वाचता सोडू नका.

बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर केंद्र सरकारच्या 'पेशंट-प्रोव्हायडर डिस्प्यूट रिझोल्यूशन'कडे, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर-हॉस्पिटल यांच्यातला बिलाचा वाद सोडवणाऱ्या यंत्रणेकडे, अर्ज करता येतो. सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. हे ४०० डॉलर एकूण खर्चावर मोजायचे नसतात, ते प्रत्येक डॉक्टर किंवा हॉस्पिटलमागे स्वतंत्र मोजतात. सर्जनचं बिल ३८० ने वाढलं आणि हॉस्पिटलचं ३५० ने, तर खिशातून ७३० जास्त जाऊनही अर्ज बसत नाही.

दुसरा गैरसमज मुदतीचा. पहिल्या बिलावरच्या तारखेपासून १२० दिवस मिळतात, शेवटच्या स्मरणपत्रापासून नव्हे. आणि हे दिवस कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. एकाच कायद्यात अंदाजासाठी एक मोजणी आणि तक्रारीसाठी दुसरी, हे आजारी माणसाने लक्षात ठेवावं अशी अपेक्षा करणंच चुकीचं आहे. बिलिंग विभाग "बघतो, कळवतो" म्हणत राहतो आणि त्या भरवशावर चार महिने निघून जातात. त्यांच्याशी बोलणं चालू ठेवा, पण अर्ज थांबवू नका. अर्ज केल्यानंतरही तडजोड करता येते.

अर्जाला अंदाजाची प्रत, बिलाची प्रत आणि २५ डॉलर शुल्क लागतं. ऑनलाइन किंवा टपालाने पाठवता येतो. निकाल लागेपर्यंत ते बिल वसुलीला पाठवता येत नाही, उशिराचा दंडही लावता येत नाही. वाढीव रक्कम वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होती आणि आधी कळणं शक्य नव्हतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टर किंवा हॉस्पिटलची असते. निकाल तुमच्या बाजूने लागला तर शुल्काचे २५ डॉलर बिलातून वजा होतात.

मागूनही अंदाज दिलाच नाही, तर हा अर्ज करता येत नाही, पण तक्रार करता येते. त्यासाठी सरकारी मदतकक्षाचा क्रमांक १-८००-९८५-३०५९. फोन करण्याआधी अंदाज कधी, कोणाकडे मागितला त्याची तारीख आणि नाव लिहून ठेवा.