२२६ क्रमांकाची जागा

लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकूंना गेल्या पावसाळ्यात चिकुनगुन्या झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे अजून धरलेलेच. दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही. काकूंचं माहेर बार्शीचं. परवा म्हणाल्या, "अगं, ७३ साली आमच्याकडे घरोघरी हाच ताप होता. मी तिसरीत होते. मग मधली इतकी वर्षं तो गेला कुठे? आणि परत आला तो तोच का?"

प्रश्न फार नेमका आहे. भारतात चिकुनगुन्या १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला, १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली आणि नंतर तीसेक वर्षं तो जवळजवळ दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस परतला आणि २००६ मध्ये देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. पण परतलेला विषाणू बार्शीचा नव्हता. बार्शीचा आशियाई वाणाचा होता, हा आफ्रिकेतल्या वाणाचा.

वाण वेगळा म्हणजे काय? या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर आरएनए या रेणूच्या सुमारे ११,८०० अक्षरांत मावतो. त्याची नक्कल करणारं विकर लिहिलेलं पुन्हा तपासत नाही, त्यामुळे साधारण दहा हजार अक्षरांमागे एखादी चूक राहते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक नक्कल मूळ प्रतीपेक्षा थोडी निराळी. बहुतेक चुका वाया जातात, काही विषाणूलाच मारतात. एखादी मात्र त्याला नवं दार उघडून देते.

२००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर तसंच झालं. बेटाची जवळपास एक तृतीयांश वस्ती आजारी पडली. तिथे या विषाणूचा नेहमीचा वाहक डास एडिस इजिप्ती फारसा नव्हताच, होता तो एडिस अल्बोपिक्टस, झाडाझुडपांत राहणारा. विषाणूचं कवच तपासलं तेव्हा ई-१ या प्रथिनात २२६ व्या जागी ॲलनिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या साखळीतल्या एका दुव्याऐवजी) व्हॅलिन हे दुसरं दिसलं. त्यासाठी मजकुरातलं एकच अक्षर बदलावं लागतं.

एवढ्याशा बदलाने काय होतं हे समजायला डासाच्या पोटात शिरावं लागेल. मादी रक्त पिते, ते आतड्यात उतरतं. आतड्याचं अस्तर एका पेशीच्या जाडीचं. रक्त पचून जाण्याआधी विषाणूला त्या पेशीत घुसायचं असतं, तिथे वाढून पलीकडे निसटायचं असतं आणि शेवटी लाळग्रंथी गाठायची असते. नाहीतर तो रक्ताबरोबर पचून जातो. पेशी विषाणूला आत घेते ती पुरचुंडीत गुंडाळून. पुरचुंडीतली आम्लता वाढली की ई-१ विषाणूचं आवरण तिच्या आवरणात मिसळून टाकतं आणि आरएनए बाहेर पडतो. २२६ ची जागा याच कामाशी निगडित आहे. व्हॅलिन आल्यावर अल्बोपिक्टसला संसर्ग व्हायला रक्तात कितीतरी पटींनी कमी विषाणू पुरले. इजिप्तीच्या बाबतीत मात्र या बदलाचा असा फायदा दिसला नाही.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. बदल चांगला की वाईट, हे एकट्या विषाणूकडे पाहून ठरत नाही, समोर डास कोणता आहे यावर ठरतं. भारतात २००६ च्या साथीतल्या विषाणूंत हा बदल नव्हता. तो २००७ मध्ये केरळात दिसला, जिथे रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायच्या वाट्यांत पाणी साचतं आणि अल्बोपिक्टस भरपूर असतो. त्याच वर्षी केरळहून गेलेल्या एका प्रवाशामुळे इटलीत सुमारे दोनशे जणांना लागण झाली. तिथेही वाहक अल्बोपिक्टसच.

मग आशियाई वाणाला हे दार इतकी वर्षं का सापडलं नाही? अल्बोपिक्टस तर मूळचा आशियातलाच. उत्तर २०११ मध्ये मिळालं. त्या वाणात ई-१ च्या ९८ व्या जागी निराळं अमिनो आम्ल आहे, आणि ते असताना २२६ चा बदल होऊनही उपयोग होत नाही. आफ्रिकी वाणात ही अडचण नव्हती. एका जागेचं मोल दुसऱ्या जागेवर अवलंबून, हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते.

मुंबईत घराच्या आत वावरतो तो मुख्यतः इजिप्ती. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, वाढतो स्वच्छ पाण्यात. भारतातल्या नंतरच्या विषाणूंत ई-१ च्या २११ व्या आणि ई-२ या कवचातल्याच दुसऱ्या प्रथिनाच्या २६४ व्या जागी बदल आढळले आणि प्रयोगशाळेत हे दोन बदल एकत्र आल्यावर विषाणू इजिप्तीत जास्त सहज शिरतो असं दिसलं. म्हणून नुसतं 'चिकुनगुन्या पॉझिटिव्ह' एवढ्यावर थांबू नये, रुग्णांतल्या आणि डासांतल्या विषाणूचा मजकूरही नियमित वाचला जावा, असं मला मनापासून वाटतं.

काकूंना हे सगळं सांगितलं. "म्हणजे तो नव्हेच," म्हणाल्या आणि मोरीतलं पिंप दाखवलं. काल उपडं करून वाळवलं होतं. टॉर्चच्या उजेडात आतल्या कडेला, पाणी असायचं तिथे, काळे बारीक ठिपके चिकटलेले दिसले. ती इजिप्तीची अंडी असावीत. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने टिकतात, पुन्हा पाणी चढलं की फुटतात. काकूंना ब्रश धरवत नव्हता, म्हणून पिंप मी घासलं.